अजमास आणि झडती

29 डिसेंबर 1843 या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी ग्वाल्हेरच्या फौजा इंग्रजांकडून हरल्या. त्यानंतरची काही वर्षे संस्थानाची घडी पार विस्कटलेली होती. गादीवर अल्पवयीन जयाजीराव शिंदे, कारभार मंडळाच्या हाती, फौज बेदिल आणि तिजोरीत तूट. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाणगिरी दिनकरराव राजवाड्यांकडे आली. हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. पूर्वज ग्वाल्हेरच्याच चाकरीत, आणि स्वतः दिनकरराव पंधराव्या वर्षी दरबारात लागलेले. दिवाण झाले तेव्हा वय तिशीच्या थोडे पुढे. त्यांनी जाचक पट्ट्या रद्द केल्या, पगार कमी केले आणि त्या पगारांत स्वतःचाही धरला. लोकोपयोगी बांधकामे हाती घेतली, आणि तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली. त्यांच्या कारभाराची स्तुती करणाऱ्यांत इंग्रज पुढे होते आणि 1857 मध्ये ते इंग्रजांच्या बाजूने राहिले, म्हणून ही स्तुती थोडी बेताने घ्यावी. पण तिजोरी सावरण्याचे काम उठावाच्या आधीचे आहे.

नव्या वर्षाचे वैयक्तिक संकल्प आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या संस्थानाची तिजोरी यांचा संबंध काय, असे वाटेल. संबंध क्रमाचा आहे. तूट भरून काढणारा कारभारी आधी पैसा गेला कुठे ते पाहतो आणि मगच पुढच्या वर्षाचे आकडे मांडतो. आपण स्वतःच्या बाबतीत याच्या उलट करतो. वर्ष संपता संपता पुढच्या वर्षाची यादी आधी तयार होते: वजन, वाचन, बचत, एखादी नवी भाषा, एखादे वाद्य. मागे वळून पाहणे म्हणजे फोनमधले फोटो चाळणे आणि ‘वर्ष कसे गेले कळलेच नाही’ असे म्हणणे, एवढ्यावर ते संपते. या प्रकरणात मला जे मांडायचे आहे ते इतकेच की, पुढच्या वर्षाचे उद्दिष्ट गेल्या वर्षाच्या हिशेबातूनच निघायला हवे. हिशेबाच्या आधी लिहिलेले उद्दिष्ट ही केवळ इच्छा असते. इच्छा वाईट असते असे नाही, पण तिच्या जोरावर बारा महिने निघत नाहीत.

मराठी कारभारात ही गोष्ट पद्धतीतच बसवलेली होती. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातून वर्षाच्या आरंभी मामलेदार-कमाविसदाराला त्याच्या महालाचा अजमास मिळे. जमा किती यावी, कोणत्या बाबीवर किती खर्च व्हावा, याचा तो अंदाज. त्याचीच बाबवार मांडणी म्हणजे बेहेडा. वर्षअखेर प्रत्यक्ष जमाखर्चाचा कागद, म्हणजे झडती, दफ्तरात येई आणि अजमासाशी ताडून पाहिली जाई. पुण्याच्या एकबेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र येऊन जमा, खर्च आणि बाकी यांचा वार्षिक गोषवारा तयार होई. शिंद्यांचा कारभार याच हिशेबी परंपरेतला. या साखळीत अजमास आणि झडती एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. झडती नसेल तर पुढचा अजमास हवेत, आणि अजमास नसेल तर झडतीत आलेला आकडा बरा की वाईट हे ठरवायला मापच नाही. जानेवारीत लिहिलेली यादी डिसेंबरात कुणी उघडून पाहत नाही, तिथे ही साखळी तुटते.

स्मरणावर विसंबून हे का जमत नाही, याचा एक चांगला पुरावा 1994 च्या एका अभ्यासात आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या 37 विद्यार्थ्यांना विचारले, काम कधी संपेल? सरासरी उत्तर आले 33.9 दिवस. सगळे काही बिघडत गेले तर किती लागतील? 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5. म्हणजे वाईटात वाईट म्हणून केलेला अंदाजही अपुरा पडला, आणि स्वतः सांगितलेल्या तारखेपर्यंत काम संपवणारे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. त्याहून मोलाचे निरीक्षण पुढचे आहे. आपली पूर्वीची कामे लांबली होती हे लोकांना आठवत होते. पण प्रत्येक वेळच्या उशिराला त्यांच्याकडे खास कारण होते, बहुधा बाहेरचे आणि पुन्हा न घडणारे. म्हणून तो उशीर पुढच्या अंदाजात धरायला हवा असे त्यांना वाटतच नव्हते. ज्यांना मागचा अनुभव या कामाला कसा लागू पडतो हे मुद्दाम जुळवून सांगायला लावले, त्यांचे अंदाज मात्र वास्तवाला धरून आले. नुसते आठवणे पुरले नाही. मागचे पुढच्याशी जोडावे लागले.

याच ठिकाणी जुन्या महसुली कारभारातली एक रीत फार उपयोगी पडते. पाऊस गेला, टोळधाड आली, फौज पिकावरून गेली, तर रयतेला सुटीची मागणी करता येई. आस्मानी आणि सुलतानी दोन्ही सरकारला मान्य होत्या. पण सूट मागितली म्हणून मिळत नसे. आधी पाहणी होई, पीक किती बुडाले ते शेतावर जाऊन ठरे, मग तेवढ्यापुरती सूट. आपण स्वतःला सूट देतो ती पाहणीवाचून. घरात लग्न होते, ऑफिसात ऑडिट होते, मुलांच्या परीक्षा होत्या, उन्हाळा फार होता. यांतले प्रत्येक कारण खरे असते. परंतु लग्न, ऑडिट, परीक्षा आणि ग्वाल्हेरचा मे-जूनचा उन्हाळा या गोष्टी दर वर्षी येतात. दर वर्षी येणारी गोष्ट आस्मानी नसते. ती बेहेड्यातली नेहमीची बाब आहे आणि तिच्यासाठी वेळ आधीच वेगळा धरायला हवा.

एक पान कसे दिसेल ते पाहू. समजा, कुणी वर्षाच्या आरंभी ठरवले की रोज सकाळी एक तास रियाज करायचा. पानाच्या एका बाजूला अजमास: तीनशे पासष्ट तास. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष, आणि ते महिन्यांच्या तपशिलासह. जानेवारीत थंडी-धुक्यामुळे उठणे झाले नाही, पण सुटीच्या दिवशी दोन-दोन तास बसणे झाले. मार्च कोरा, कारण वर्षअखेरीचे काम. पावसाळ्यात चांगली सलग लय लागली. ऑक्टोबरमध्ये सणांनी ती तुटली आणि तुटल्यावर पुन्हा बसायला तीन आठवडे गेले. बेरीज समजा निघाली एकशे दहा तास. आता या पानाकडे पाहून ‘मी आळशी’ असे लिहिणे सोपे आहे, आणि निरुपयोगीही. कारण आळस ही काही बाब नव्हे, तिच्या नावे आकडा टाकता येत नाही. पान सांगते ते निराळे आहे: मार्च मिळणार नाही, पावसाळा मिळेल, आणि खरा तोटा लय तुटण्यात नाही, ती पुन्हा जोडायला लागलेल्या तीन आठवड्यांत आहे. पुढच्या वर्षाचे उद्दिष्ट मग पुन्हा ‘रोज एक तास’ असे राहत नाही. ते ‘वर्षात दीडशे तास, मार्च वगळून, आणि खंड पडला तर चौथ्या दिवशी पंधरा मिनिटे तरी बसायचे’ असे होते. जुन्या उद्दिष्टापेक्षा ते लहान दिसते. गेल्या वर्षी घडले त्यापेक्षा ते मोठे आहे, आणि माप तेच धरायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, मुळात संकल्पांनी काही होतच नाही, मग हिशेबाचा एवढा खटाटोप कशाला? हा समज पुराव्याला धरून नाही. जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गट होते: नव्या वर्षाचा संकल्प केलेले, आणि तोच बदल हवा असूनही संकल्प न केलेले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले 46 टक्के लोक टिकून होते, दुसऱ्यातले 4 टक्के. ही माहिती लोकांनी स्वतःच दिलेली असल्याने आकडे थोडे फुगलेले असू शकतील, पण दोहोंतले अंतर एवढे आहे की ते केवळ फुगवट्याने भरून निघत नाही. संकल्प करण्यात बळ आहेच. उरलेले 54 टक्के कुठे गळतात, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संकल्पाचा उत्साह वाढवण्यात नसून त्याच्या बांधणीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मागे वळून पाहिले की माणसाला खंतच सापडते; चुकलेल्या गोष्टी उगाळत बसल्याने मन खचते, मग पुढे जायला बळ कुठून यायचे? खंतावून बसणे घातक असते, हे मान्यच करायला हवे. ज्याचे वर्ष आजारपणात किंवा घरातल्या मृत्यूच्या छायेत गेले, त्याला कुणी हिशेबाला बसवू नये. पण हिशेब आणि खंत या एक गोष्टी नव्हेत. खंत विशेषणांनी चालते: वाया गेले, जमले नाही, उशीर झाला. झडती बाबींनी आणि आकड्यांनी चालते, आणि तिला जमेची बाजूही असते. खंतावलेल्या मनाला जमा दिसत नाही. कागदावर ती मांडावीच लागते. वरच्या उदाहरणातले एकशे दहा तास ही जमा आहे. ती न मांडता वर्ष ‘फुकट गेले’ म्हणणे हा खोटा हिशेब झाला.

मोठी स्वप्ने पाहूच नयेत काय, हा तिसरा आक्षेप. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचे अनेक दशकांचे संशोधन सांगते की नेमके आणि कठीण उद्दिष्ट ठेवणारे लोक ‘जमेल तेवढे करू’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस काम करतात. हे मी मान्य करतो, आणि त्यातल्या ‘नेमके’ या अटीकडे लक्ष वेधतो. कठीण उद्दिष्टाला बेहेडा हवा: कोणत्या दिवशी, कुठे, कशानंतर. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जर्मन विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत, सणाच्या संध्याकाळनंतर दोन दिवसांत, एक वृत्तांत लिहून पाठवायचा होता. नेमके केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांशांनी ते वेळेत केले; न ठरवणाऱ्यांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहिले. इच्छा दोन्ही गटांची होती. आणि ती केव्हा-कुठेची जागा कोणती निवडावी, हे गेल्या वर्षीच्या पानाइतके दुसरे कुणी सांगू शकत नाही.

ग्वाल्हेरात बसून हे लिहिताना संगीताचा आक्षेप टाळता येणार नाही. कला तासांत मोजता येते काय? आकडेमोड शिरली की रस गेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ख्यालाच्या ज्या घराण्याला या शहराचे नाव आहे, त्याची तालीमच याचे उत्तर देते. ग्वाल्हेर घराण्यात बंदिशीला केवढे महत्त्व! आधी अस्थायी-अंतरा नीट भरायचा, मग आलाप, बेहलावे, बोलअंग, शेवटी तान. गायकी अष्टांगाची, आणि प्रत्येक अंगावर काम व्हायचे. वासुदेवबुवा जोशींकडे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून इथे आले, आणि ती विद्या परत नेऊन त्यांनी मिरजेत विष्णु दिगंबरांना दिली. विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तिला वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत बसवले. ग्वाल्हेरातच कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि 1918 मध्ये भातखंड्यांच्या योजनेनुसार माधव संगीत विद्यालय निघाले. वर्षभराचा अभ्यासक्रम आखण्यावरून गुरुकुलाच्या बाजूने टीका झाली, आणि तिच्यात तथ्यही होते: परीक्षेने गवई घडत नाही. पण गुरुकुलातही मोजमाप होतेच, फक्त ते गुरूच्या कानात होते. कोणते अंग कच्चे आहे हे गुरूला ठाऊक असे आणि त्यावरून उद्याचा पाठ ठरे. मोजायचे ते हातातले काम. मैफल रंगेल की नाही हे कुणाच्याच अजमासात बसत नाही. वैयक्तिक उद्दिष्टांतही ‘बढती मिळवीन’, ‘पुस्तक गाजेल’ या मैफलीच्या बाबी आहेत. त्यांची झडती घ्यायला गेले तर दुसऱ्यांच्या मर्जीचा हिशेब आपल्या नावे पडतो.

मग एखादे वर्ष मुळासकट उलटले तर? जून 1858 मध्ये ग्वाल्हेरला हेच घडले. 1 जूनला मुरारजवळ जयाजीरावांची फौज तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशव्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिनकरराव आग्र्याला गेले, तिजोरी उठावकर्त्यांच्या हाती पडली, आणि तीन आठवड्यांच्या आत शहर पुन्हा इंग्रजांनी घेतले. त्या सालच्या अजमासाचा उपयोग काय राहिला असेल? अशी वर्षे माणसांच्या आयुष्यातही येतात. अशा वर्षाची सूट पाहणीत सरळ मंजूर व्हावी, पूर्ण. मात्र हिशेब ठेवणाऱ्याला एक फायदा राहतो: अशी वर्षे किती विरळ असतात हे त्याच्या दफ्तरात दिसते, आणि त्यामुळे प्रत्येक वर्षाला तो 1858 म्हणत नाही.

दिनकररावांच्या पद्धतीतली कपात मला विशेष महत्त्वाची वाटते. नवी बाब लिहिण्याआधी जुनी काटायला हवी, कारण दिवसाचे तास वाढत नाहीत. मात्र नुसत्या कपातीचे संकल्प फार टिकत नाहीत. स्वीडनमध्ये 1,066 लोकांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘काही करायचे’ अशा संकल्पांना वर्षाअखेर 58.9 टक्के यश मिळाले, ‘काही टाळायचे’ अशांना 47.1 टक्के. फोन कमी पाहीन, एवढे म्हणून भागत नाही. त्या अर्ध्या तासात काय करीन हे त्याच ओळीत यायला हवे. दिनकररावांच्या कारभारातही पगारकपात आणि बांधकामे जोडीने चालली होती.

हिशेब कोणत्या तारखेला करावा, याचा घोळ मात्र फार घालू नये. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत गुढीपाडवा, सराफ्यात दिवाळीचे वहीपूजन, बँकेत 1 एप्रिल आणि फोनमध्ये 1 जानेवारी. शिंदेशाहीच्या शेवटच्या दशकांतले छापील वार्षिक अहवाल विक्रम संवताचे नाव लावत आणि वर्ष जुलैपासून धरत. पेशवाईतले कारभारी साल मृगाबरोबर बदले, आणि त्यामागे व्यवहार होता: पिके निघालेली, वसुली झालेली, नवी पेरणी तोंडावर. शिक्षकाने मे महिन्यात, गाणाऱ्याने तानसेन समारोह उरकल्यावर, व्यापाऱ्याने दिवाळीत हिशेब करावा हे बरे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 मध्ये दाखवले की नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस अशा कोणत्याही टप्प्यावर नव्या सुरुवातीची उमेद वाढते. पाडव्याला चुकले तर दसरा आहे.

शेवटचा प्रश्न साक्षीचा. राज्याच्या हिशेबाला लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. स्वतःच्या झडतीत मामलेदारही आपण आणि दफ्तरदारही आपणच. हा दोष खरा आहे, आणि जुन्या कारभाराला तो ठाऊक होता. म्हणून मामलेदाराचा कागद देशमुख-देशपांड्यांच्या स्वतंत्र कागदांशी जुळल्याशिवाय हुजुरात मंजूर होत नसे. आज असे देशपांडे घरोघरी आहेत. बँकेचे पासबुक बचतीबद्दल आपल्या बाजूने बोलत नाही. फोन कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते तासामिनिटांनी सांगतो. वाचनालयाच्या कार्डावर किती पुस्तके घेतली त्याच्या तारखा असतात. घरात रोज बरोबर राहणाऱ्या माणसाला विचारले, ‘या वर्षी मी सकाळी किती दिवस बसलो होतो?’ तर उत्तर बहुधा आपल्या आकड्याहून कमी येते. 2016 मध्ये हार्किन आणि सहकाऱ्यांनी 138 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसले: प्रगतीवर लक्ष ठेवल्याने उद्दिष्ट गाठण्याची शक्यता वाढते, आणि नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली किंवा दुसऱ्यांपुढे मांडली तर आणखी वाढते. झडतीला बसायचे तेव्हा पासबुक, फोन, कार्ड आणि घरातले ते एक माणूस एवढे समोर असावे. आपला आकडा आणि त्यांचा आकडा जुळला नाही, तर पानावर त्यांचा लिहावा आणि पुढचा अजमास त्यावरून काढावा.